शांता आपट्यांची नीरा

‘प्रभात’च्या ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या हे लगेच ध्यानात येत नाही. बराच वेळ आपण उगाच अस्वस्थ असतो, आणि मग कधीतरी उमगतं, की या घरात कुणाच्याही दुःखामागे सारंगी वाजत नाहीये. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज कानावर पडतात आणि माणसं बोलतात. गाणीसुद्धा येतात ती कुणीतरी खरोखर गातंय म्हणून. १९३७ साली मराठी बोलपटाला जेमतेम पाच वर्षं झाली होती. सिनेमा गाण्यांवरच चालतो अशी सगळ्यांची खात्री होती. अशा वेळी व्ही. शांतारामांनी आणि संगीतकार केशवराव भोळ्यांनी हा बेत केला, आणि केला तोही अशा चित्रपटात, ज्याची नायिका घेतली होती तिच्या गळ्यासाठी.

शांता आपट्यांचं नाव निघालं, की लोक त्यांचा गळा आठवतात, नाहीतर त्यांचा हिसका. गळा ऐकायला तबकड्या आहेत, हिसक्याचे किस्से आहेत. यांच्या मधे एक अभिनेत्री उभी आहे, आणि तिच्याकडे निरखून पाहायला फारसं कुणी थांबलेलं दिसत नाही. ‘कुंकू’तली नीरा पाहताना मला तरी वाटत आलंय, की हे काम गाणं न शिकलेल्या नटीला जमलं नसतं, आणि तरीही ते गाण्यातलं काम नाही. ख्याल शिकणाऱ्याला सूर लावण्याइतकाच सूर सोडण्याचा हिशेब शिकवतात. कुठे थांबायचं, समेवर यायचं ते धावत की रेंगाळत. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात तालीम झालेल्या या मुलीने तो हिशेब बोलण्यात आणला. भोवतीचं संगीत काढून घेतल्यामुळे तो हिशेब आपल्याला उघडा ऐकू येतो.

त्यांच्या आधीची वाट फार मळलेली नव्हती. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते साळुंके, म्हणजे पुरुषच. त्याच १९१३ सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’साठी फाळक्यांना दुर्गाबाई कामत मिळाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मिळाली, आई पार्वती झाली, लेक मोहिनी. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया. कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात आल्या आणि त्या घराने चंद्रकांत गोखले, विक्रम गोखले असे नट दिले. पण रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचं राज्य होतं आणि शालू कसा नेसावा हे घरंदाज बायका एका पुरुषाकडे पाहून ठरवत होत्या. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’तून दुर्गा खोटे आल्या तेव्हा चांगल्या घरची शिकलेली बाई सिनेमात, याचाच गवगवा जास्त झाला. त्याच वर्षी भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडकांच्या कृष्णासोबत सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची एक मुलगी राधा होऊन आली आणि तिचा कुणी फारसा बभ्रा केला नाही. तिचं गाणं मात्र लोकांनी लक्षात ठेवलं.

‘प्रभात’मध्ये शांताबाई आल्या ‘अमृतमंथन’साठी, १९३४ साली. कंपनी कोल्हापूर सोडून नुकतीच पुण्याला आली होती. तेव्हाच्या बोलपटात गाणं आलं, की नटनटी मायक्रोफोनच्या अदबीने खिळल्यासारखी उभी राहत आणि कथा तेवढ्यापुरती थांबे. शांताबाई गाताना हलल्या. हात उचलला, मान वळवली, डोळे शब्दाबरोबर फिरवले. आज हे सांगण्यासारखं वाटणार नाही, पण गाणं हे पात्राचं वागणं असू शकतं ही जाण पडद्यावर येण्याच्या खुणा इथे दिसतात. ‘अमरज्योती’त दुर्गा खोट्यांची सौदामिनी सगळा पडदा व्यापून असते आणि तरी शांताबाईंच्या राजकन्येवर नजर जाते, ती या हलण्यामुळे. त्यांच्यात एक चुळबुळ होती. दिग्दर्शकाने ती दाबली असती तर एक बरी गायिका उरली असती. शांतारामांनी ‘कुंकू’त तिला कोंडलं.

कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. नीरा मामाच्या घरी वाढलेली पोरकी मुलगी. मामा पैसे घेऊन फसवून तिचं लग्न लावतो एका प्रौढ विधुर वकिलाशी. काकासाहेबांना नीरापेक्षा वयाने मोठी मुलं आहेत. नीरा त्या घरात जाते, पण त्यांची बायको व्हायला नकार देते. बस, इतकीच गोष्ट. विषयही मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. देवलांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहून जरठ-कुमारी विवाहाचं पुरतं हसं केलं होतं. पण शारदा वाचते ती ऐन मांडवात, गोत्र एक निघाल्यामुळे. धर्मशास्त्रातली एक अडचण तिच्या मदतीला धावून येते. त्या बोहल्यावर अशी कुठलीच अडचण निघाली नसती, लग्न लागलं असतं आणि शारदा त्या घरात नांदायला गेली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असतं? ‘शारदा’ तिथे जात नाही. ‘कुंकू’ तिथूनच सुरू होतो. आणि हेही आहे, की देवलांची शारदा रंगमंचावर उभी राहायची ती पुरुषाच्या देहात. तिचं भय, तिचं लाजणं सगळं एका स्त्रीपार्टी नटाने बेतलेलं असे.

म्हणून समोर कोण आहे हे महत्त्वाचं. काकासाहेब झाले आहेत केशवराव दाते. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांनी उमेदीच्या काळात स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. मराठी प्रेक्षकाला बाई कशी दिसते, कशी चिडते, कशी विनवते हे ज्या नटांनी दाखवलं त्यांच्यापैकी हे एक. पुढे नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’पर्यंत, म्हणजे १९३३ पर्यंत, ते नव्या नैसर्गिक अभिनयाच्या बाजूला येऊन उभे राहिले. केशवराव भोळेही तिथलेच. त्या नाटकात बायकांची कामं बायकांनी केली आणि पदांची गर्दी हटवली. ‘कुंकू’चं मौन मला त्या नाटकाचं देणं वाटतं. तर, एकेकाळचा स्त्रीपार्टी नट आणि शब्दशः बाई असलेली नटी, असे दोघे एका चौकटीत येतात आणि आपण पाहतो, की दात्यांना बाईच्या रागाचे सगळे ठरीव आविष्कार पाठ आहेत आणि शांताबाई त्यातला एकही करत नाहीत. पदर तोंडाला लावत नाहीत. कपाळावर हात मारून घेत नाहीत. काकासाहेबांचा चेहरा गोंधळतो, त्यात पात्राच्या गोंधळाइतकाच त्या जुन्या परंपरेचाही गोंधळ मला दिसतो. हे माझं वाचन, दात्यांच्या मनात असं काही असेल असं नव्हे.

आता ते घड्याळ. चित्रपटावर लिहिणारे सगळे घड्याळावर लिहितात आणि बरोबरच लिहितात. काकासाहेबांच्या घरातलं हे जुनं लंबकाचं घड्याळ म्हणजे काकासाहेबच. चावी दिली तर चालणारं, वय झालेलं, पण वेळ चुकू नये असा आग्रह धरणारं. इतपत कुणालाही कळतं, कारण शांतारामांना प्रतीक एकदा सापडलं की ते प्रेक्षकाला पुन्हापुन्हा दाखवल्याशिवाय राहवत नाही. आरशाचंही तसंच. काकासाहेबांचं प्रतिबिंब त्यांनाच हसतं ते दृश्य पाहताना १९३३ साली ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी केलेली जर्मनीची वारी आठवते, तिथल्या चित्रपटांची छाप त्यावर स्पष्ट आहे, आणि जरा जास्तच आहे. दात्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं आधीच आलेलं असताना आरशाने पुन्हा बोलायची गरज नव्हती.

पण घड्याळाचं दुसरं एक काम आहे, ते ऐकायचं आहे. घरात दुसरा ताल नाही. त्यामुळे टिकटिक हाच ठेका होतो आणि बोलणारा प्रत्येक माणूस कळत-नकळत त्या ठेक्यावर बोलतो. घरातली म्हातारी (विमला वसिष्ठ) तर जात्यावर बसल्यासारखी एका लयीत टोमणे मारते. नीरा मात्र ठेका सोडून बोलते. काकासाहेब काही विचारतात. उत्तराची वेळ येते आणि निघून जाते. एखादा टोला उशिरा ती बोलते, आणि बोलते तेव्हा वाक्य छोटं असतं, शेवट चढा नसतो. रागावलेल्या माणसाचा आवाज वाक्याच्या शेवटी वर जातो; नाटकात तर तो जायलाच हवा, टाळी तिथेच मिळते. शांताबाईंचा आवाज शेवटी खाली येऊन स्थिर होतो. षड्जावर येऊन थांबावं तसा. पुढे चर्चा नाही हे त्या स्थिरपणातून कळतं. काकासाहेबांकडे युक्तिवाद आहेत, शेवटी ते वकील आहेत. पण ज्या वाक्याला चढ नाही त्याला पकडायला कडा नसते.

देहही तसाच. नीराला चित्रपटभर कुणी ना कुणी दारात, जिन्यावर, खोलीच्या कोपऱ्यात अडवू पाहतं. सवयीची नायिका अशा वेळी मागे सरते, भिंतीला टेकते, आणि कॅमेरा तिच्या टेकण्याचं सौंदर्य टिपतो. शांताबाई मागे सरकत नाहीत. त्या वळून उभ्या राहतात. खांदे किंचित खाली, हनुवटी वर नाही, सरळ. अव्वल दर्जाची नटी अपमान सहन करताना कशी दिसते हे आपण पुष्कळ पाहिलंय. अपमान न घेणारी बाई कशी उभी राहते, याचे नमुने तेव्हा पडद्यावर फारसे नव्हते. त्यांना तो स्वतःच्या अंगातून काढावा लागला असणार.

सावत्र मुलगा (राजा नेने) लाळघोटेपणा करत येतो तेव्हा ही स्थिरता फुटते आणि नीरा छडी उचलते. प्रेक्षक या प्रसंगाची वाट पाहत असतो, तो हमखास टाळीचा आहे. मला त्यातली छडी तितकी महत्त्वाची वाटत नाही. मारताना त्यांच्या चेहऱ्यावर सूडाचं समाधान येत नाही, तिकडे पाहा. एखादं काम आलंय आणि ते उरकायचंय असा भाव आहे. आई मुलाला शिक्षा करते आहे, हे नातं त्या क्षणी शांताबाई कायद्याने पदरात घेतात. बायकोपण नाकारलेलं आहे, पण आईपणाचा अधिकार वापरायला त्या कचरत नाहीत. लेखनात हे असेलच असं नाही. मारण्याच्या त्या कोरड्या लयीत मात्र आहे.

आणि मग सावत्र मुलगी. शकुंतला परांजपे. रँग्लर र. पु. परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला गणित शिकून आलेली, र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात उतरलेली. इथे ती समाजकार्य करणारी विधवा मुलगी झाली आहे, म्हणजे फार काही ‘झालेली’ नाही. तिला अभिनय येत नाही असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. वाक्यं ती सभेत बोलल्यासारखी बोलते. पण दोघी समोरासमोर येतात तेव्हा एक गंमत होते. वयाने मोठी मुलगी लहान आईला समजून घेते आहे, आणि तिचा तो सभेचा सूर आणि नीराचा खाली येणारा सूर एकमेकांना धरतात. विचार एकीकडे आहे, अनुभव दुसरीकडे. शांताबाई इथे पहिल्यांदा ऐकणारीचं काम करतात, आणि ऐकताना त्यांचा चेहरा वयाने एकदम लहान होतो. आपण विसरलेलो असतो, की ही विशीतली मुलगी आहे.

तोच लहानपणा त्या इंग्रजी गाण्यात आहे. हो, ‘कुंकू’त शांता आपटे लाँगफेलोची ‘अ साम ऑफ लाइफ’ ही कविता गातात. इंग्रजीत. त्या काळी ती पाठ्यपुस्तकातली कविता. शाळेची चार पुस्तकं शिकलेल्या कुणालाही ती ओझरती माहीत असायची. आज हे गाणं सुरू झालं की प्रेक्षकांत खसखस पिकते, उच्चारांवर आणि चालीवर. पिकू दे. भोळ्यांनी तिला नाट्यपदाची तान दिली नाही. गायिकेने आपलं सगळं कसब बाजूला ठेवून शाळकरी मुलीसारखं सरळ गायचं, हे अवघड आहे आणि त्यांनी ते केलंय. लग्नाआधीच्या नीराचं, जिचं आयुष्य अजून तिचं होतं तिचं, एवढंच ध्वनिचित्र आपल्याला मिळतं. ते हास्यास्पद वाटण्याच्या काठावर आहे म्हणूनच कदाचित खरं वाटतं. गाण्यांत माझ्या मते सगळ्यात उजवं आहे ते परशुरामने म्हटलेलं भिकाऱ्याचं गाणं. पण ते नीराचं नव्हे, म्हणून इथे थांबते.

मागे आमच्या पिपरी मेघेत, वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या वसाहतीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांना हा चित्रपट दाखवला. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, मग टीव्हीवर ‘कुंकू’. औचित्य साधण्याचा मोह, दुसरं काय! छडीला टाळ्या पडल्या. शेवट झाला तेव्हा मात्र कुणी काही बोलेना. मागच्या खुर्चीतल्या एका आजींनी तोंड उघडलं. “पोट्टीनं छडी उचलली ते बेस केलं. पण त्या बुढ्याले काहून मारलं मंग? सोडचिठ्ठी द्याची ना! आमच्यात असती त काडीमोड करून भावानं पाट लावून देला असता.”

पंचवीस वर्षं मराठी शिकवूनही माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं, आणि चित्रपटावर वाचलेल्या लेखांतही सापडलं नाही. ‘कुंकू’च्या शेवटी काकासाहेबांचं मन पालटतं, ते नीराला दुसरं लग्न करायची मोकळीक देतात आणि स्वतःचा जीव देतात. आपण हे हृदयपरिवर्तन म्हणून वाचतो. पण आजींनी बोट ठेवलं ते कायद्यावर. १९३७ साली मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला घटस्फोट नव्हता. बडोदा संस्थानाने १९३१ साली तसा कायदा केला होता. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला आणि सगळ्या देशात हिंदू विवाह कायद्याने १९५५ साली. आमचं वर्धा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, तिथेही वेगळं नव्हतं. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ केलं, पण नीरा काही बालवधू नव्हती. तिच्यासाठी त्या कायद्यात काही नव्हतं. रूढीने काडीमोड आणि पाट चालत असे तो पुष्कळ शेतकरी-कष्टकरी जातींत. ब्राह्मण वकिलाच्या घरात ती वाट नव्हती. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र १८५६ पासून मुभा होती. म्हणजे नीराला नवरा सोडता येत नव्हता, पण नवरा मेला तर दुसरं लग्न करता येत होतं. आणि काकासाहेब वकील आहेत. त्यांना हे कलम कुणी समजावून सांगायला नको. बायकोला मोकळं करण्याचा त्यांना ठाऊक असलेला एकच कायदेशीर मार्ग ते पत्करतात.

असं पाहिलं की शेवट अधिक भीषण होतो आणि अधिक सुसंगतही. पण चित्रपट तो असा दाखवत नाही, ही माझी तक्रार. शेवटच्या भागात कॅमेरा काकासाहेबांचा होतो. त्यांचा पश्चात्ताप, त्यांची उदात्तता, त्यांचं एकटेपण. केशवराव दाते इतकं सुरेख करतात, की डोळे भरून येतात आणि आपल्या लक्षातही येत नाही, की ज्या बाईच्या नकाराची ही गोष्ट होती ती आता दुसऱ्याच्या शोकांतिकेत श्रोता होऊन बसली आहे. शांताबाईंना या भागात करायला जवळजवळ काही दिलेलं नाही. तरी एक गोष्ट त्या सोडत नाहीत: कृतज्ञतेने विरघळत नाहीत. काकासाहेबांबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर माया येते, आदर येतो, पण आपलं चुकलं होतं असा भाव एकदाही येत नाही. पटकथा पुरुषाला मोठेपण देत असताना नटीने आपल्या पात्राचा हक्क एवढ्यापुरता राखला आहे. तो राखलेला भाग बारकाईने पाहिला तरच दिसतो.

वर्ध्यात बसून १९३७ चा विचार केला, की मनात दुसरंही चालू होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इथल्या मारवाडी विद्यालयात नई तालीमची परिषद भरली होती. जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महिलाश्रमात मुली शिकत होत्या, परित्यक्ता आणि विधवा पायावर उभ्या राहत होत्या. शकुंतला परांजप्यांचं ते पात्र इथे सहज शोभलं असतं. गांधीजींना सिनेमाचं अजिबात प्रेम नव्हतं, तेव्हा सेवाग्रामला कुणी ‘कुंकू’चं नाव काढलं असेल असं नाही. पण नीरा जे करते त्याला छडीचा प्रसंग वगळता इथल्या भाषेत एक नाव होतंच. ती समोरच्याचा द्वेष करत नाही, घर सोडून पळत नाही, त्याच घरात राहून असहकार करते.

हे मी ओढूनताणून आणत नाहीये, कारण पुढे शांताबाईंनी खरोखरच तसं केलं. ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) झाल्यावर करारावरून त्यांचं आणि ‘प्रभात’चं बिनसलं. १९३९ साली त्या स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. मार्चमध्ये राजकोटला गांधीजींचं उपोषण झालेलं होतं, देशभर त्याचीच चर्चा. त्याच वर्षी पुण्यात एक नटी तेच हत्यार मालकांविरुद्ध वापरते. नटीचं काम म्हणजे नोकरी, नोकरी म्हणजे करार, करार म्हणजे दोन बाजू, हे त्या काळी स्टुडिओच्या फाटकात बसून सांगणं सोपं नव्हतं. तेव्हाच्या पत्रकारितेने याचा तमाशा केला असेल यात नवल नाही. ‘फिल्मइंडिया’ मासिकाच्या बाबुराव पटेलांना त्यांनी छडीने झोडपलं, हा किस्सा तर इतका सांगितला जातो, की तो घडला की ‘कुंकू’तून उचलला हे आता वेगळं करता येणार नाही. लोकांना तो हवा होता एवढं खरं. मला मात्र अशा किश्शांनी शांताबाईंचं नुकसानच केलं असं वाटतं. ‘फटकळ बाई’ म्हणून त्यांना एका खणात ठेवून दिलं, की नीराचं काम हे त्यांचा स्वभाव ठरतं, कला ठरत नाही.

त्यांना स्वतःला आपण काय करतोय हे नेमकं कळत होतं, याचा पुरावा लेखी आहे. १९४० साली त्यांचं ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक आलं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना उद्देशून लिहिलेलं, पण आठवणींचं गुळगुळीत पुस्तक नव्हे. या धंद्यात पैसा कुणाकडे जातो, राबतं कोण आणि बाईला इथे काय भोगावं लागतं याचा त्यात रोखठोक विचार आहे. भारतीय चित्रपटातल्या किती अभिनेत्रींनी कारकीर्द ऐन भरात असताना आपल्या धंद्याची अशी चिकित्सा छापली असेल? ते ग्रंथालयांत सहज मिळत नाही, आणि आपल्या आत्मचरित्रांच्या भल्यामोठ्या परंपरेत त्याचं नाव क्वचित निघतं, याची मला मराठीची शिक्षिका म्हणून लाज वाटते.

पुढची कारकीर्द भराभर सांगितली तरी चालेल. १९४१ साली तमिळ ‘सावित्री’त त्या सावित्री झाल्या, तीही भाषा शिकून; त्यात नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. नवऱ्याला नाकारणारी नीरा चार वर्षांत यमाकडून नवरा परत मागणारी सावित्री झाली, आणि त्या काळच्या प्रेक्षकाला यात काही विसंगत वाटलं नाही. मग लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’, मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’, १९४९ चा ‘स्वयंसिद्धा’. ‘सुभद्रा’त नव्याने आलेल्या लता मंगेशकरांचा आवाज आहे. पार्श्वगायन रुळलं तशी स्वतः गाणाऱ्या नट्यांची गरज संपत गेली. ज्या नटीचा अभिनयच गळ्याच्या शिस्तीतून घडलेला, तिला ही विभागणी सगळ्यात जाचक झाली असणार. १९६४ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्या गेल्या. नयना आपटे या त्यांच्या कन्येने पुढे मराठी रंगभूमी आणि पडदा दोन्ही गाजवले, पण मुख्यतः विनोदात.

‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’ही मिळते, तिथे नीराची निर्मला झाली आहे. दात्यांसाठी कुठलीही पाहा, फरक पडत नाही. शांताबाईंसाठी मराठीच पाहा. हिंदीत त्या उच्चार सांभाळून बोलतात, शब्द नीट पोचवतात, आणि त्या सांभाळण्यात तो उशिरा पडणारा टोला हुकतो. मराठी प्रतीचा ध्वनी जागोजाग खरखरीत आहे. आवाज थोडा वाढवून ऐका आणि नीराच्या उत्तराआधी किती टिकटिक होते तिकडे कान ठेवा.